क्लीनरची बाजू

“गाडी गरम झाली गा चुन्नी, घे ढाब्यावर,” असं म्हणत केवलरामांनी स्टीअरिंग डावीकडे वळवलं आणि ट्रक सडकेखाली उतरवला.

चुन्नी तिथे नव्हता. तो त्यांचा जुना क्लीनर, आता कोहमाऱ्यात स्वतःचा ढाबा चालवतो. ट्रकही तसा नव्हता. लोखंडी टेबलाच्या काठाला आवळून बसवलेलं प्लास्टिकचं स्टीअरिंग होतं, समोर पडदा होता, आणि पडद्यात नारिंगी तोंडाचा एक ट्रक होता. गरम झाला होता तो टेबलाखालचा कम्प्युटर. त्याचा पंखा असा घरघरत होता, की चुलीजवळ लाखोळीची भाजी निवडणाऱ्या जमुनाबाईंना आपलंच बोलणं ऐकू येईना.

“गरम झाली तं पानी टाका मनावं रेडिएटरमधी!” त्या ओरडल्या. “नाई तं इका एकदाची. घरात राइस मिल लावल्यासारखं होऊन राह्यलं.”

“तुले काय समजते व गाडीतलं?”

“मले नाई समजत? जनम गेला माझा गाडीचा आवाज आयकण्यात. सौंदडच्या वळणावर हॉर्न वाजला का सांगत होती मी, तुमची गाडी का दुसऱ्याची.”

तेवढ्यात खुशबू आली. कोहमाऱ्याच्या धर्मकाट्यावर, म्हणजे जिथे भरलेले ट्रक वजन करून घ्यायला येतात तिथे, ती कामाला होती. दिवसभर ट्रक तिच्या खिडकीसमोर येऊन उभे राहत, आणि संध्याकाळी घरी यावं तर घरातही ट्रक. तिनं स्कार्फ सोडला, चपला काढल्या, आणि कम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्यापुढे आणून ठेवला. आतल्या गरम धातूचा वास खोलीभर पसरला.

“थंडी होऊ द्या बाबा. मंग काढजा देवरीकडं.”

“बुडी झाली बिचारी,” केवलराम डब्यावर हात ठेवत म्हणाले. तापल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

ही बुडी, ही म्हातारी, त्यांनीच घरात आणली होती. रायपूरला एक गेमिंग पार्लर बंद पडलं होतं, सामान विकायला निघालं होतं. तेव्हा खुशबू कॉलेजात होती, आणि तिनं बापाकडे आयुष्यात मागितलेली एकच मोठी वस्तू म्हणजे गेम खेळायचा कम्प्युटर. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला कायले पाहिजे? परतीच्या फेरीत केवलरामांनी चुन्नीला मागे पोत्यांवर बसवलं आणि कम्प्युटर आपल्या गोधडीत गुंडाळून क्लीनरच्या जागेवर दोरीनं बांधला. सारा रस्ता गाडी अशी हळू आणली, की मागचे ड्रायव्हर शिव्या देत पुढे गेले. “मालकाचा माल असा कधी जपला नाई यानं,” असं चुन्नी अजूनही ढाब्यावर सांगतो.

ती त्यांची शेवटची फेरी ठरली. साखर डोळ्यांत उतरली होती. लायसन पुन्हा करायला गेले तेव्हा तपासणाऱ्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि केवलरामांनी टोपी डोक्यावर ठेवून ते दार मागे टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते ओसरीवर बसून सडकेकडे कान लावून असत. कोणती गाडी कोणत्या गिअरमध्ये चालली आहे, हे त्यांच्या ओठांवरून कळायचं.

खुशबूला ते बघवेना. ती स्वतः गोंदियाचा तिचा मित्र टिंकू आणि तिथल्याच आणखी पोरापोरींच्या टोळीत, घरबसल्या नेटवरून, लढाईचे गेम खेळायची. तिनं एक ट्रकचा गेम आणला, स्टीअरिंग आणलं, बापाला खुर्चीत बसवलं. केवलरामांनी दहा मिनिटं गाडी चालवली आणि हात काढून घेतले.

“सडक चांगली हाय. पन कोनाची हाय?”

त्या गेममध्ये आपली सडक आपण बांधायची सोय होती. खुशबूनं बांधायला घेतली. आताचा चारपदरी रस्ता आणि पूल नव्हे, त्याच्या आधीची सडक. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं मातीत उतरावं अशी, दोन्ही बाजूंनी झाडांनी कवेत घेतलेली. रोज जेवणानंतर बाप-लेकीचं एकच चालायचं. बाबा, सडक अर्जुनी गाव सुटल्यावर पहिलं काय? विहीर. विहिरीच्या इकडं का तिकडं? तिकडं, अन् तिच्यावर वाकलेली बाभूळ. मंग? मंग एक मोड, तिथी हॉर्न मारा लागते, कारन बकऱ्या राहतात. ती झाड लावायची, ते म्हणायचे थोडं मागे घे. ती पार बांधायची, ते म्हणायचे एवढा उंच नव्हता. देवरीच्या आधीचा घाट आला, घाटातला देव आला. तिथे प्रत्येक ड्रायव्हर एक हात स्टीअरिंगवरून उचलून कपाळाला लावतो. तो देव ठेवल्यावर केवलरामांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

काम चालू असताना जमुनाबाई तांदूळ निवडत बसायच्या आणि भाताच्या रोवणीला जुळवलेल्या आपल्याच ओळी गुणगुणायच्या –

*सडकेच्या गं कडेला मोह फुलला दाट,*
*गाडीच्या आवाजाची दारी पाहते मी वाट.*

सडक तयार झाली तशी ओसरीवरची खुर्ची आत आली. रोज संध्याकाळी सडक अर्जुनीहून एक गाडी देवरीला जाऊ लागली आणि रात्रीच्या जेवणाला परत येऊ लागली.

आता ती बुडी थकली होती. टोळीनं नवा गेम घेतला, तो हिच्यावर उघडेचना. “खुशबू, तुझा कम्प्युटर म्युझियममध्ये दे,” असं टिंकू फोनवर म्हणायचा. “अपने को एक प्लेयर कम पडता है यार, कब ले रही है नया?” ती म्हणायची, घेते. पैसे बाजूला ठेवलेले होते. अडचण पैशाची नव्हती. अडचण अशी, की गेम बनवणाऱ्यांनी त्यानंतर सगळंच बदललं होतं. नव्या कम्प्युटरवर गेमची नवीच आवृत्ती चालणार, आणि नव्या आवृत्तीला जुनी सडक वाचता येत नव्हती. कम्प्युटर बदलला की विहीर, बाभूळ, घाटातला देव, सगळं जाणार. मग बाबांनी कुठे जायचं? पुन्हा ओसरीवर?

म्हणून ती पुढे ढकलत राहिली. पोळा झाला की बघू. दसरा झाला की बघू.

दसऱ्याला केवलरामांनी नेहमीसारखी गाडीची पूजा केली. ड्रायव्हर माणूस; हातात चाक आहे तोवर पूजा चुकवायची नाही. कम्प्युटरवर गाडीतून काढून आणलेली देवीची छोटी तसबीर होती, तिला झेंडूचा हार घातला. लिंबू-मिरची बांधली. मग हळदकुंकू बोटावर घेतलं आणि टिळा लावला तो शेजारच्या इन्व्हर्टरला.

खुशबू हसून लोटपोट. “बाबा, हा तं इन्व्हर्टर आहे!”

केवलरामांनी बोट मागे घेतलं. मग म्हणाले, “बॅटरी पुजल्याबिगर गाडी सुरू होते का? तुले समजत नाई अन् मले हासते.”

सगळे हसले. इन्व्हर्टरवरचा टिळा तसाच राहिला.

थंडी पडल्यावर एका रविवारी खुशबू गोंदियाला ओमेशच्या दुकानात गेली. कम्प्युटर जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तिला तरी दुसरा माहीत नव्हता. त्यानं तिच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले. पडद्यावर अधूनमधून जांभळ्या रेघा येत होत्या.

“ग्राफिक्स कार्ड जाऊन राहिला दीदी. आज है, कल नहीं. त्याचा जोड आता भेटत बी नाही.”

“दोन्ही ठेवले तं? नवा माझा, जुना बाबांचा.”

“ठेव ना. पन जुना किती दिवस चालन, ते मी लिहून देऊ का? मेल्यावर बदलशील का जिवंत आहे तवा, एवढंच तुझ्या हातात आहे.”

“संक्रांतीनंतर सांगते.”

“तू दसऱ्यानंतर सांगणार होती,” ओमेश म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. कोहमाऱ्याला उतरली, तेव्हा नव्या रस्त्यावरून ट्रक असे जात होते, जसं त्यांना कुणाशी बोलायचंच नाही. तिनं मनात ठरवलं, चालते तोवर चालू द्यायची. टोळीला सांगून टाकू, माझी वाट पाहू नका.

घरात शिरली तर दुपारचं ऊन दारातून थेट टेबलापर्यंत आलं होतं. केवलराम गाडी चालवत होते. पाठ सरळ, मान किंचित तिरकी. ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता, खाली पंखा घरघरत होता. त्यांनी गिअर खाली घेतला, म्हणजे घाट लागला. हॉर्न दिला, वळले. मग डावा हात स्टीअरिंगवरून उचलला आणि कपाळाला लावला.

खुशबूनं पडद्याकडे पाहिलं.

पडदा अडकला होता. जांभळ्या रेघांच्या आड कोहमाऱ्याचा चौक दिसत होता; चहाची टपरी, बाजूला उभी सायकल. चित्र हलत नव्हतं. आवाज तेवढा चालू होता, आणि त्या आवाजावर केवलराम घाट चढत होते.

“कोन, खुशबू का? बस. आत्ताच देवाचं वळण गेलं.”

इन्व्हर्टरवरचा टिळा तिला इथून दिसत होता. चहाचा कप हातात दिल्याशिवाय ते हल्ली उचलत नाहीत, ते आठवलं. सांजवेळी दिवा लावायला गेलं की “राहू दे, कायले?” म्हणतात, ते आठवलं.

तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या हाताला बसली. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवायला लावणं तिच्यानं झालं नाही.

“आता कुठी आली, बाबा?”

“उतार लागला. मोहाची झाडं सुरू झाली. पाह्य कशी सावली हाय.”

“हो.”

ते देवरीपर्यंत गेले. गाडी आडोशाला लावली, हँडब्रेक ओढला, टेबलावर चावी फिरवल्यासारखा अंगठा फिरवला. मग तिनं हळूच विचारलं, “कवापासून नाई दिसत?”

“काय?”

“पडदा बंद पडून आहे, बाबा. कोहमाऱ्याच्या चौकातच.”

केवलरामांनी चाकावरून हात काढले. मग त्यांच्या खांद्यांना हसू आलं. “म्हनजे देवरीवरी मी फुकटचाच गेलो का?”

ती हसली नाही. तिच्या रडण्याचा आवाज त्यांनी ओळखला, हात चाचपत पुढे केला, तो आधी स्टुलावर पडला आणि मग तिच्या डोक्यावर.

“पोळ्याले रंग तरी दिसत होते. दिवाळीपासून निस्ता उजेड दिसते. कोनी दारात आलं तं सावली दिसते.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“कसं सांगू? तुनं एकेक झाड मले इचारून लावलं. कामावरून थकून येत होती, तरी बसत होती. मी उठून गेलो असतो तं त्या सडकेवर चाललं असतं कोन? अन् मले तं पाठ हाय ना सगळी. इंजिनाचा आवाज आयकला का समजते. पन तू काऊन नाई बदलला हा डब्बा? टिंकू किती येळा म्हने तुले. मी आयकत होतो.”

“तुमची सडक गेली असती, बाबा.”

जमुनाबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. पदराचं टोक त्यांच्या डोळ्यांशी होतं, तोंड मात्र सुरू झालं.

“बाप तिच्यासाठी बसून राह्यला, लेक बापासाठी बसून राह्यली. अन् माझ्या कानाचा इचार कोनं केला? त्या पंख्यानं भयरी केली मले!”

मग मात्र तिघंही हसले.

नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोन-तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी होती. गेलं ते येणार नाही, उरलं ते टिकवता येईल. उशिरा आलात, पण अगदी संपल्यावर नाही आलात. केवलरामांनी तिला हात जोडले, तेही नेमके तिच्या आवाजाच्या दिशेनं. बसमध्ये खुशबूला म्हणाले, “दाराचा उजेड राहीन म्हनते. बहुत झालं. घर कुठी हाय ते समजन.”

आणि घरी आल्यावर आपणहून म्हणाले, “आता बदल.”

“थोडे दिवस...”

“आयक. धकलत न्या लागल्यावर गाडी इकू नाई. चार लोकं मागून जोर लावून राह्यले अन् आपन इकून राह्यलो, बरं दिसते का? आपल्या पायानं चालते तवाच तिले सोडाव. तिच्यानं बहुत केलं.”

“सडक?”

“सडक मले पाठ हाय म्हनलं ना.”

मालक गाडी विकतो तेव्हा ड्रायव्हर आधी तिच्यातला देव उतरवून घेतो आणि चाकांवर पाणी घालतो. देवासकट गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, आणि तहानलेली द्यायची नाही. केवलरामांनी तसबीर काढून कपाळाला लावली, खिशात ठेवली. खुशबूनं प्लग उपटला. मग त्यांनी खाली बसून डब्याचे रबरी पाय बोटांनी शोधले आणि एकेकाजवळ तांब्यातल्या पाण्याचं बोट टेकवलं. डबा अजून कोमट होता. त्यावर हात ठेवून ते काहीतरी बोलले. खुशबूनं ऐकायचा प्रयत्न केला नाही.

मोह गळायच्या दिवसांत ओमेश नवा कम्प्युटर घेऊन आला. बाहेर पहाटे टिपलेली फुलं चटईवर वाळत होती, त्यांचा गोड, जड वास खोलीत आला होता. जोडणी झाली. तसबीर आपल्या जागी बसली, हार आला, आणि टिळा या वेळी खुशबूनं बापाचं बोट धरून बरोबर जागी लावला. बटण दाबलं.

केवलराम कान देऊन होते. “कर ना सुरू.”

“सुरू आहे, बाबा.”

“आवाज?”

“नव्याले आवाज नाही राहत, काका,” ओमेश अभिमानानं म्हणाला.

केवलरामांचा चेहरा किंचित उतरला. आतून जमुनाबाई म्हणाल्या, “देव पावला माय!” तसे ते पुन्हा हसले.

ओमेश गेल्यावर खुशबूनं टिंकूला कळवलं, उद्यापासून मी आहे. मग ट्रकचा नवा गेम उघडला, आणि सवयीनं बापाचा हात धरून त्यांना मधल्या खुर्चीकडे नेऊ लागली. त्यांनी पाय रोवले.

“तू बस तिथी.”

“मी?”

“नवीन सडक हाय. दिसते त्यानं चालवाव.”

ते डावीकडच्या स्टुलावर बसले. मिसरूड फुटायच्या आधी ते याच बाजूला बसायला लागले होते; क्लीनर म्हणून वर्षानुवर्षं खिडकीबाहेर हात काढून, पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला वाट सांगत. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. त्या बाजूनंच त्यांनी गाडी शिकली होती. खुशबू हे सगळं ऐकून होती. रायपूरहून ती बुडी आली, तीही याच बाजूला बसून.

तिनं गाडी सुरू केली. स्पीकरमधून इंजिनाचा खोल, गोल आवाज आला. केवलरामांनी मान हलवली. “इंजिन चांगलं हाय.”

सडक कुठल्या परमुलखातली होती. ना तिची, ना त्यांची.

“काय दिसून राह्यलं?” त्यांनी विचारलं.

कितीतरी रात्री असाच प्रश्न ती त्यांना विचारत होती. “डाव्या बाजूनं नदी आहे, बाबा. मोठी. काठानं पिवळं कायतरी फुललं.”

“इकडच्या काठावर का तिकडच्या?”

“तिकडच्या. डोंगरापर्यंत पिवळंच आहे.”

“सरसो असन. हळू घे, वास घेऊ दे.”

तिनं हळू घेतली. दारातून मोहाचा वास येत होता, तो त्यांनी डोळे मिटून छातीभर घेतला. जमुनाबाई चुलीजवळची आवरासावर टाकून उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या, आणि कित्येक दिवसांनी घरात त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

पुढे एक अरुंद पूल आला. समोरून कुणाची तरी गाडी येत होती. खुशबूनं ब्रेक लावला आणि पुलाच्या अलीकडे थांबली.

समोरचा आवाज जवळ आला, शेजारून गेला, मागे मागे जात विरला. केवलरामांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग डावा हात बाजूला काढला आणि टेबलाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.